लुटुपुटीचं बंद इंजिन

इंदूरच्या धावपट्टीवर विमान नुसतं उभं असतं तेव्हाही त्याचा अल्टिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा, १८५० फुटांच्या आसपास असतो. माळव्याचं पठारच तेवढं उंच आहे. एरोड्रम रोडने बिजासनच्या टेकडीकडे जाताना हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. चढ म्हणावा असा काय तो टेकडीचाच. पण दोन छोट्या पिस्टन इंजिनांच्या विमानाला ही उंची कळते, आणि त्यातलं एक इंजिन गेलं की मग चांगलीच कळते.

एक इंजिन जाण्याचा सराव हा मल्टी-इंजिन रेटिंगचा, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांची विमानं उडवायच्या परवान्याचा, गाभा. दोन्ही इंजिनं नीट चालत असताना असं विमान उडवायला फार तास लागत नाहीत. बाकीचे सगळे तास एकाच प्रश्नावर जातात: एक गेलं तर? आता इंजिन काही शिकवणाऱ्या सरांच्या सोयीने बंद पडत नाही, म्हणून ते पाडावं लागतं. म्हणजे पाडल्यासारखं करावं लागतं. लुटुपुटीची लढाई असते तसं हे लुटुपुटीचं बंद इंजिन. गंमत अशी, की ते करायच्या ज्या दोन-तीन रीती आहेत त्यातली प्रत्येक विद्यार्थ्याशी काहीतरी खोटं बोलते. कुठली रीत सगळ्यात खरी, यावर हँगरमध्ये चहा निवेपर्यंत वाद चालतात. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. आपण आत्ता कुठलं खोटं बोलतोय ते इन्स्ट्रक्टरला ठाऊक असावं, आणि उतरल्यावर त्याने ते विद्यार्थ्याला सांगून टाकावं.

आधी चढाईचा हिशेब. दोनातलं एक इंजिन गेलं म्हणजे बळ निम्मं झालं, हे खरं. पण सपाट उडत राहायलाच बरीच शक्ती लागते आणि तिच्या वर जी शिल्लक उरते तीच चढाईच्या वाट्याला येते. पगार निम्मा झाला तरी घरभाडं आणि किराणा तेवढाच राहतो. त्यामुळे बचत निम्मी होत नाही, जवळजवळ संपते. पायपर सेमिनोलचं उदाहरण घ्या. दोन बाजूंना प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन लायकमिंग इंजिनं, कमाल वजन ३८०० पौंड, म्हणजे १७२४ किलो. समुद्रसपाटीला प्रमाण हवामानात दोन्ही इंजिनांवर ते मिनिटाला तेराशे फुटांच्या घरात चढतं. एका इंजिनावर दोनशेच्या थोडंसं वर. बळ निम्मं, चढाई मात्र सहावा हिस्सा.

त्यात उरलेलं इंजिन मध्यावर नसतं. जोडीतला एक बैल बसला की दुसरा गाडी त्याच्याच अंगावर फिरवतो, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे वळतं. बसलेला बैल निदान मागे ओढत नाही. बंद इंजिनाचा प्रॉपेलर मात्र वाऱ्याने फिरत राहतो, आणि त्या फिरण्याची सगळी मजुरी विमानाकडून वसूल करतो. पाती वाऱ्याच्या धारेत वळवली, म्हणजे फेदर केली, की प्रॉप थांबतो आणि ही ओढ जवळपास नाहीशी होते. सगळी घाई असते ती फेदरपर्यंत पोचायची.

आता इंजिन पाडायचं कसं? जमिनीजवळ फक्त थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरने. इथे दुमत नको. थ्रॉटल सावकाश आयडलपर्यंत, म्हणजे इंजिन जेमतेम फिरत राहील इथपर्यंत, मागे घ्यायचा; काही बिनसलं तर एका हालचालीत तो पुढे गेला की इंजिन परत हजर. मिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन, तोडलेलं इंजिन परत यायला वेळ घेतं, कधी खोकतं, कधी रुसतं, आणि चारशे फुटांवर तेवढा वेळ कुणी उधार देत नाही. अमेरिकेच्या एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, परीक्षेचे निकष याबाबतीत स्पष्ट आहेत. जमिनीपासून ३००० फुटांच्या खाली इंजिन थ्रॉटलनेच पाडायचं आणि मग शून्य थ्रस्ट (त्याचा अर्थ पुढे येतो) लावायचा. उड्डाणानंतरचं फेल्युअर ४०० फुटांच्या आत द्यायचं नाही. धावपट्टीवर दौडताना द्यायचं तर व्हीएमसीच्या निम्म्या वेगाच्या आत. व्हीएमसी म्हणजे एका इंजिनावर विमान दिशेने ताब्यात ठेवता येईल असा किमान वेग. सेमिनोलचा ५६ नॉट्स, म्हणजे धावपट्टीवरचा खेळ २८ नॉट्सच्या आतच संपवायचा. हवेत मुद्दाम इंजिन पाडायचा किमान सुरक्षित वेग ८२, आणि एका इंजिनावर सर्वांत चांगल्या चढाईचा वेग, ज्याला सगळे ब्लू लाइन म्हणतात, तो ८८.

थ्रॉटलच्या रीतीचं दुखणं पायलटपेक्षा इंजिनवाल्यांना जास्त माहीत असतं. काही इंजिनांच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, झुलती वजनं म्हणजे काउंटरवेट बसवलेली असतात. कंपनं शोषून घेणं हे त्यांचं काम. थ्रॉटल झटक्यात बंद केला की त्यांचा ताल बिघडतो, ती आपल्या जागी आपटतात, आणि हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. म्हणून लायकमिंगचा सल्ला असा, की इंजिन पाडायचं तर थ्रॉटल उघडाच ठेवून मिक्स्चर तोडा. सिलिंडरमध्ये हवा भरत राहते आणि पिस्टनला गादीसारखा आधार मिळतो. परत चालू करताना थ्रॉटल मागे घ्या, मिक्स्चर पुढे द्या, मग शक्ती हळूहळू वाढवा. इंजिन बनवणारा एक सांगतो आणि जमीन दुसरंच. उंचावर इंजिनवाल्याचं ऐकायचं, खाली जमिनीचं. आणि खाली थ्रॉटल वापरताना हात एवढा सावकाश हवा, की आयडलपर्यंत यायला दोन-तीन सेकंद लागावेत. झटका मारणारे सर फार कडक वाटतात खरे, पण त्यांच्या कडकपणाचं बिल वर्कशॉपमध्ये येतं.

तिसरी रीत फ्युएल सिलेक्टर, म्हणजे इंधनाची तोटी, बंद करायची. नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये जे इंधन उरलेलं असतं त्यावर इंजिन आणखी काही काळ चालतं आणि नेमकं कधी जाईल ते सरांनाही माहीत नसतं. बेसावध विद्यार्थ्याला दचकवायला ही रीत छान. जमिनीजवळ अजिबात नाही. एवढ्यावर हा विषय पुरे.

खरा घोळ पुढे आहे. इंजिन गेल्यावर विद्यार्थ्याने म्हणायचा मंत्र ठरलेला: वेग सांभाळ, मिक्स्चर, प्रॉप, थ्रॉटल सगळे पुढे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर, गिअर (चाकं) वर, कुठलं इंजिन गेलं ते ओळख, खात्री कर, फेदर कर. यातल्या दुसऱ्याच पायरीला लुटुपुटीचा डाव उघडा पडतो. सगळे लिव्हर पुढे ढकलायचे म्हटल्यावर सरांनी मागे घेतलेला थ्रॉटलही पुढे जातो आणि मेलेलं इंजिन उठून बसतं. मिक्स्चर तोडलं असेल तरी तेच. मग सर तो लिव्हर दाबून धरतात, विद्यार्थ्याच्या हाताला अडथळा लागतो आणि न सांगता कळतं की गेलेलं इंजिन हेच. काही हुशार मुलं तर दोन-तीन उड्डाणांत एकच लिव्हर पुढे ढकलायला शिकतात. खऱ्या वेळी ही सवय घात करते. मला त्यातल्या त्यात बरा उपाय वाटतो तो चेकलिस्टचा पुठ्ठा क्वाड्रंटवर, म्हणजे या लिव्हरच्या पट्टीवर, आडवा धरून थ्रॉटल मागे घेण्याचा, आणि विद्यार्थ्याने दोन्ही लिव्हरना हात लावून ‘सगळे पुढे’ असं तोंडाने म्हणण्याचा.

ओळखण्याच्या पायरीवर मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, गेज सगळ्यात मोठं खोटं बोलतो. सरांनी थ्रॉटल बंद केला की त्या बाजूची सुई खाली येते. मुलगा गेजकडे बघतो, डावी सुई पडलेली दिसते आणि तो आत्मविश्वासाने ‘लेफ्ट इंजिन’ म्हणतो. खऱ्या फेल्युअरमध्ये थ्रॉटल उघडाच असतो. इंजिन चालो न चालो, गेज फक्त बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, म्हणजे इंदूरच्या उंचीवर पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास. आरपीएमही, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडाही, बराच वेळ जागेवर राहतो, कारण वाऱ्याने फिरणाऱ्या प्रॉपला गव्हर्नर, म्हणजे फेरे कायम ठेवणारं यंत्र, सांभाळून घेतो. खरं सांगतात ते फ्युएल फ्लो, एक्झॉस्टचं तापमान आणि सगळ्यांच्या आधी आपला पाय. नाक सरळ ठेवायला उजव्या रडरवर, म्हणजे नाक वळवणाऱ्या पेडलवर, जोर द्यावा लागत असेल तर डावा पाय रिकामा, आणि रिकाम्या पायाकडचं इंजिन गेलेलं. ‘डेड फूट, डेड इंजिन’ हा मंत्र जुनाच, पण ज्याने सरावात गेज वाचून उत्तरं दिली त्याला आयत्या वेळी तो आठवेलच असं नाही. आधी पाय, मग तोंड, गेज सगळ्यात शेवटी, असा क्रम लावून घ्यावा.

खात्री करण्यासाठी संशयित इंजिनाचा थ्रॉटल हळू मागे घेतात. विमानात काहीच फरक पडला नाही तर उत्तर बरोबर. चुकीचा हाती लागला तर चालतं इंजिनही आयडलवर, म्हणजे खाली शेतं आणि हातात ग्लायडर. म्हणून इंजिन पाडल्या क्षणापासून सरांचा तळहात चालत्या इंजिनाच्या थ्रॉटलमागे असायलाच हवा. दुसऱ्या हाताचं बोट फेदरच्या खाचेपाशी. जमिनीजवळ फेदर नुसतं बोलायचं, फार तर लिव्हर बोटभर हलवायचा. उत्साहात कुणी प्रॉपचा लिव्हर खरंच मागपर्यंत ओढला तर पाती वाऱ्यात वळतात, आणि मग थ्रॉटल पुढे ढकलून ते इंजिन वेळेत कामाला येत नाही. लुटुपुटीचं प्रकरण खरं होतं ते बहुधा अशा एका हालचालीत.

विद्यार्थ्याने ‘फेदर’ म्हटलं की सर थ्रॉटल थोडा पुढे आणून शून्य थ्रस्ट लावतात, म्हणजे प्रॉप पुढेही ओढत नाही आणि मागेही नाही. आकडा त्या विमानाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. या वर्गातल्या साध्या इंजिनांना तो साधारण १० ते १२ इंच असतो. हे विसरून इंजिन आयडलवरच ठेवलं तर विद्यार्थी फेदर न केलेल्या प्रॉपची ओढ घेऊन उडत राहतो. विमान खाली बसत जातं आणि त्याच्या मनात पक्कं होतं की एका इंजिनावर हे चढतच नाही. उलट शून्य थ्रस्ट आधीच लावला तर त्याला वाटतं, फेदरला उशीर झाला तरी बिघडत नाही. दोन्ही खोटीच, पण दुसरं जास्त वाईट.

इथे पुन्हा इंदूर. मे महिन्यात दुपारी ४२ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. १८५० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या जवळपास असतं. म्हणजे हवा ३१ अंशांनी जास्त गरम. अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साडेपाच हजारांच्या पुढे जाते. उन्हाळ्यात दाबही कमी असतो, तो धरला तर आणखी. पूर्ण वजनाच्या सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे मिनिटाला ५० फूट चढाई उरते ती उंची, ३८०० फुटांच्या आसपास आहे. तेव्हा त्या दुपारी भरलेलं सेमिनोल आपल्या इथे धावपट्टीवर उभं असतं तेव्हाच एका इंजिनाच्या मर्यादेच्या वर असतं. ‘गिअर वर, ब्लू लाइन, चढत राहा’ हा मंत्र पाठ म्हणता येईल, चढता येणार नाही. ब्लू लाइनवर त्यातल्या त्यात हळू खाली येता येईल, इतकंच.

डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत तेच विमान मिनिटाला सव्वाशे-दीडशे फूट चढेल. ऐकायला बरं वाटतं. पण ४०० फूट चढायला तीन मिनिटं आणि त्यात ८ किलोमीटरच्या वर अंतर, जवळपास एरोड्रमपासून राजवाड्यापर्यंत. तेही लिव्हर, बँक (विमानाचा कल), वेग सगळं बिनचूक असेल तर. विमान चुकीच्या, म्हणजे बंद इंजिनाच्या बाजूला पाच अंश कललं की ही सगळी कमाई साफ.

आणि सरावाचं आणखी एक खोटं वजनाचं. आत दोघंच, टाक्या अर्ध्या. विमान पुस्तकापेक्षा चांगलं चढतं. मुलाच्या मनात तेच चित्र राहतं. पुढे कधी चौघं, सामान आणि भरल्या टाक्या घेऊन तो जूनच्या तोंडावर उठतो तेव्हा विमान वेगळंच असतं. म्हणून उन्हाळ्यात ब्रीफिंगच्या टेबलावर चार्ट उघडून त्या दिवसाचं तापमान आणि पूर्ण वजन घालून आकडा काढायला लावावा. उत्तर शून्याखाली आलं तर पुढचा प्रश्न: मग उतरायचं कुठे? धावपट्टी २५वरून उठलं तर नाक पश्चिमेला, शेतांकडे. ०७वरून पूर्वेला, वस्तीच्या बाजूला. काळी माती मे महिन्यात भेगाळलेली आणि टणक, पावसाळ्यात चाक गिळणारी. हे ठरवायची वेळ थ्रॉटल पुढे ढकलण्याआधीची.

उंचावरचे सराव, म्हणजे मिक्स्चर तोडणं, खरं फेदर आणि व्हीएमसीचं प्रात्यक्षिक, जमिनीपासून ३००० फुटांच्या वर. अल्टिमीटरवर ३००० वाचून खूश होणाऱ्याच्या खाली इंदुरात ११५० फूटच असतात. इथे किमान ४८५०, सोयीसाठी ५००० धरावेत, आणि नैर्ऋत्येला जानापावकडे गेलं तर तेही पुरत नाहीत, कारण तो डोंगरच २८०० फुटांचा.

व्हीएमसीच्या प्रात्यक्षिकात एक इंजिन आयडलवर, दुसरं पूर्ण ताकदीवर. नाक उचलून वेग सेकंदाला एक नॉट या गतीने कमी करत जायचा. रडर संपला आणि नाक ढळायला लागलं की थांबायचं: चालत्या इंजिनाची शक्ती कमी, नाक खाली. प्रमाणपत्रासाठी हा वेग ठरवताना रडरवर १५० पौंडांपर्यंत जोर धरतात, म्हणजे ६८ किलो. एक धट्टाकट्टा माणूस एका पायावर उभा राहिला असं समजा. कल चालत्या इंजिनाकडे जास्तीत जास्त पाच अंश. हा कल सोडून पंख सपाट केले तर दर अंशामागे व्हीएमसी तीन नॉट्सच्या आसपास वाढते. पुस्तकातला ५६ म्हणजे सगळं व्यवस्थित करणाऱ्याचा ५६.

पण उंच आणि गरम हवेत टर्बो नसलेल्या चालत्या इंजिनाची ताकद घटते, नाक ओढायला जोर कमी पडतो आणि व्हीएमसी खाली येते. स्टॉलचा वेग, म्हणजे पंख विमान उचलायचं सोडतात तो, मात्र गेजवर जिथल्या तिथे. मे महिन्यात ५००० फुटांवर डेन्सिटी अल्टिट्यूड सहज आठ हजारांपुढे. तिथे रडर संपायच्या आधी स्टॉल येऊ शकतो. एका बाजूला शक्ती आणि वर स्टॉल म्हणजे स्पिनला, म्हणजे गिरक्या घेत कोसळण्याला, आमंत्रण. म्हणून जाणते इन्स्ट्रक्टर त्या दिवशी रडरच्या पेडलमागे स्वतःचा पाय अडवून धरतात. पेडल अर्ध्यावर थांबतं, विद्यार्थ्याला वाटतं रडर संपला आणि नाक सुरक्षित वेगावरच ढळतं. फसवणूकच आहे ही, पण सगळ्या फसवणुकींत सगळ्यात प्रामाणिक.

खरं फेदर निदान एकदा दाखवावं. धावपट्टी ग्लाइडच्या टप्प्यात हवी, बॅटरी धडधाकट हवी आणि इंजिन आधी टप्प्याटप्प्याने थंड केलेलं हवं. ट्विनच्या प्रॉपमध्ये तेलाचा दाब पाती फाइनकडे, म्हणजे कमी कोनाकडे, ढकलतो. दाब गेला की स्प्रिंग आणि प्रॉपवरची काउंटरवेट ती फेदरकडे नेतात. मग जमिनीवर इंजिन बंद केलं की प्रॉप दर वेळी फेदर का होत नाही? कारण आरपीएम उतरला की आतल्या पिना अडकतात. सेमिनोलमध्ये ९५०च्या आसपास. याचाच दुसरा अर्थ, हवेत इंजिन जखडत चाललं असताना ‘बघू, सुधारतंय का’ करत बसलं आणि आरपीएम त्याच्या खाली गेला, तर फेदर हातचं गेलं. सरावातलं आयडलवरचं इंजिन हे कधीच शिकवत नाही. ते कितीही वेळ फेदरची वाट बघत थांबतं.

परत चालू केल्यावर, विशेषतः थंडीत, तेल घट्ट झालेलं असतं. सिलिंडर हेडचं तापमान वर येईपर्यंत कमी शक्तीवर थांबायचं, लगेच पूर्ण थ्रॉटल नाही. स्टार्टरवर उठवायचं असेल तर दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला थंड होऊ द्यायचं.

कुणी न सांगितलेलं एक खोटं भोंग्याचं. थ्रॉटल फार मागे आणि गिअर वर असला की गिअरचा इशारा वाजतो. शून्य थ्रस्टवर तो सारखा वाजत राहतो; काही विमानांत आवाज बंद करायचं बटण असतं आणि ते दाबलं जातं. तासभर तो आवाज ऐकून कान बधिर होतात. नंतर एका इंजिनावरच्या अप्रोचला विद्यार्थी गिअर उशिरा टाकायचं ठरवतो, कारण ओढ नको, आणि तोच भोंगा खरं सांगत असताना कुणाच्या कानात शिरत नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ५०० फुटांना ‘गिअर खाली, तीन हिरवे’ दोघांनीही मोठ्याने म्हणावं. सरांनीही.

टचडाउननंतर फ्लॅप वर, दोन्ही थ्रॉटल, पुढचा राउंड. त्याआधी रडर ट्रिमचं चाक बघायचं. एका इंजिनावर पाय हलका व्हावा म्हणून ते चार-पाच फेरे फिरवलेलं असतं आणि दोन्ही इंजिनांच्या टेकऑफला ते तसंच राहिलं तर विमान पहिल्याच क्षणी बाजूला पळतं. चाक मध्यावर आणायचं, खूण बोटाने चाचपायची, मगच थ्रॉटल.